हाताला हलकं पोलाद

अंग्रेन, ६ नोव्हेंबर १९९४

आदरणीय सोलिह अमाकी,

सलाम. तुम्ही, तुमचे गुडघे, अंगणातलं डाळिंब आणि चुस्तच्या सुरीवाल्यांची अख्खी आळी खुशाल असेल अशी आशा आहे. अकरा वर्षांनी पत्र लिहितेय, म्हणून आधी ओळख सांगते. मी ओयदिन. तुमच्या धाकट्या भावाची, सैफिद्दीनची मुलगी. अंग्रेनच्या शाळेत रसायन शिकवते. लग्न झालेलं नाही, विचारू नका.

मी सुऱ्या बनवायला लागलेय. हसून झालं? मग पुढं वाचा.

उन्हाळ्यात पुलावासाठी गाजरं चिरताना बाजारातली सुरी चक्क वाकली. गाजरानं सुरी वाकवली! तेव्हा म्हटलं, आपण सुरीवाल्याची मुलगी आणि ही आपली लायकी? आमच्या इमारतींच्या मागं पत्र्याची गॅरेजं आहेत. एक आमच्या नावावर आहे, गाडी कधीच नव्हती. तिथं ट्रकच्या ब्रेकच्या डब्याची भट्टी केली, जुना व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून भाता केला, रुळाचा तुकडा ऐरण म्हणून ठेवला. शेजारच्या गॅरेजात रिनात म्हणून खाणीतून निवृत्त झालेला तातार वेल्डर असतो. तो म्हणतो, "बाई, लोकं कुत्रं पाळतात, तिकिटं जमवतात. तुम्ही हे काय लावलंय?"

मी म्हणते, हौस आहे. आणि खरंच हौसच आहे. विकायच्या नाहीत, कुणाला दाखवायच्याही नाहीत. पण दर रविवारी भट्टी पेटली की आठवडाभराचा शाळेचा राग उतरतो.

आता काम. जुन्या कानशीपासून पहिली सुरी केली, पाण्यात घातली आणि टिंग्! मधोमध तडा. दुसरी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्याची. ती तडकली नाही, पण धार लोण्यावरही चालेना. माझं काय चुकतंय?

आणि एक मागणं. बाबांनी स्वतःसाठी कोरून ठेवलेला शिक्का, चंद्रकोर आणि तीन ठिपक्यांचा, तुमच्याकडे आहे ना? एखादी सुरी नीट झाली तर तिच्यावर तो उठवावा असं फार वाटतं.

आईला या पत्राचं माहीत नाही. तुमचं नाव निघालं की ती भांडी आपटते, तुम्हाला ठाऊक आहेच.

तुमची,
ओयदिन

*

चुस्त, १७ नोव्हेंबर १९९४

पोरी,

हसून झालं नाही. अजून हसतोय. तुझं पत्र आळीत वाचून दाखवलं, लोकांना ठसका लागला. व्हॅक्यूम क्लीनरचा भाता! तुझे आजोबा कबरीत कुशीवर वळले असतील.

पण वळून हसलेही असतील. ऐक आता. कानशीला पाणी सोसत नाही, तेल दे. सरकीचं तेल कोमट कर आणि पातं टोक खाली धरून सरळ उतरव, तिरकं नको. तापलं किती ते डोळ्यांनी कळायला दहा वर्षं लागतात, तुझ्याकडे ती नाहीत. म्हणून लोहचुंबक जवळ ठेव. पातं चुंबकाला चिकटेनासं झालं, की लगेच तेलात. मग घासून चकचकीत कर आणि मंद आचेवर धर. पेंढ्यासारखा पिवळा रंग चढला की थांब. निळा झाला तर गेली. पाट्याचं तू बहुधा पुरेसं तापवलंच नाहीस. घाबरत होतीस, खरं सांग.

आमच्याकडे चार महिने एकच पातं घासायला बसवायचे. तू दोन महिन्यांत दोन सुऱ्या केल्यास, म्हणजे घाईच करतेस. तुझा बाप असाच.

कानस वापर, पाटा वापर, बेअरिंगची कडी वापर. इंजिनाचे व्हॉल्व्ह वापरू नकोस. ते तुझ्यासाठी नाहीत.

शिक्का देणार नाही. दुवा घेतल्याशिवाय शिक्का उठवत नाहीत आणि दुवा पत्रानं देत नाहीत. त्यावर पुन्हा लिहू नकोस.

तुझ्या आईला माझा सलाम सांगू नकोस. भांडी महाग आहेत.

सोलिह

*

अंग्रेन, २८ नोव्हेंबर १९९४

अमाकी!

झाली! कानशीची, एक वीत लांब, जरा डावीकडे झुकलेली, पण सुरी! कागद उभा धरला तर कापते. रिनातनं हातावरचे केस काढून बघितले, आता त्याचा एक हात गुळगुळीत आहे आणि तो सगळ्यांना दाखवत फिरतो. तुमच्या चुंबकाला दंडवत. हे तर मीच मुलांना शिकवते, लोखंड तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, आणि मला सुचलं नाही!

सरकीच्या तेलाची मात्र गंमत झाली. वास सुटला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बायका ताटल्या घेऊन गॅरेजात आल्या. त्यांना वाटलं, पुलाव शिजतोय.

आता भांडण. व्हॉल्व्ह माझ्यासाठी नाहीत म्हणजे काय? अख्खं चुस्त व्हॉल्व्हच्या सुऱ्या करतं. मला आठवतंय, आपल्या दुकानात कोपऱ्यात त्यांचा ढीग असायचा, मी त्यांना अळंबी म्हणायचे. मग मीच का नको? मी बाई आहे म्हणून? तसं असेल तर सरळ लिहा. मी शाळेच्या मुख्याध्यापकाशी सहा वर्षं भांडतेय, मला सवय आहे.

रिनातची ट्रक डेपोत ओळख आहे. तो म्हणाला, "अळंबी? पोतंभर आणतो." मी आणायला सांगितलंय.

आणि अमाकी, बाबांना नेमकं काय झालं होतं? मी सहा वर्षांची होते. मला फक्त दाराशी ठेवलेले खूप जोडे आठवतात. आईला विचारलं की म्हणते, "ऐरणीवर गेला." तुम्ही तिथं होता. मला सांगा ना.

ओयदिन

*

चुस्त, ८ डिसेंबर १९९४

ओयदिन,

पुलावाची गोष्ट सांगितली, आळी हसली. मी हसलो नाही.

मी नको म्हटलं होतं. कारण विचारायचं नसतं. आमच्याकडे शिकणारा कारण विचारत नाही, तो काम करतो. तू बाई आहेस याचा काही संबंध नाही. तुझी आजी माझ्यापेक्षा चांगली मूठ बसवायची.

तुझ्या बापाबद्दल सगळ्या आळीला माहीत आहे तेच मला माहीत आहे. त्याला घाई झाली होती. दुवा मिळण्याआधीच शिक्क्याची स्वप्नं बघत होता. लोहारांचे पीर हजरत दाऊद यांना अशी घाई खपत नाही. ऐरणीनं त्याला घेतलं. तेवीस वर्षं झाली, जखम उकरू नकोस.

आता मी विचारतो त्याचं उत्तर दे आणि लगेच दे. ते व्हॉल्व्ह कुठल्या गाडीचे? दांडा किती जाड आहे, पेन्सिलीएवढा की अंगठ्याएवढा? दोन एकमेकांवर आपटले तर खणखणतात की बसका आवाज येतो? हातात घेतल्यावर दिसतात तेवढे जड लागतात का?

उत्तर येईपर्यंत एकही आगीत घालू नकोस. हे मी रागानं लिहीत नाही. कोमिल ड्रायव्हर परवा घाट ओलांडतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. उत्तर त्याच्याच हाती दे, पोस्टात टाकू नकोस, पोस्ट रेल्वेनं खालून वळसा घेऊन येतं.

सोलिह

*

अंग्रेन, १४ डिसेंबर १९९४

सोलिह अमाकी,

कोमिल खाली गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पीर रागावले म्हणून माझे बाबा मेले, हे तुम्ही मला, रसायनाच्या शिक्षिकेला, लिहून पाठवता? मी हे आळीतल्या बायकांकडून ऐकलं होतं. लहानपणी वाळूत खेळताना पोरं म्हणायची, "हिच्याशी खेळू नका, हिच्या बापाला शाप होता." म्हणून तर आई मला घेऊन इथं आली. मला वाटायचं, निदान बाबांचा सख्खा भाऊ तरी असं म्हणत नसेल.

तुम्ही म्हणता उत्तर दे. देते. आठ व्हॉल्व्ह आलेत, डेपोतल्या जुन्या मोठ्या ट्रकच्या इंजिनाचे. दांडा माझ्या अंगठ्याएवढा जाड, फार देखणे. आवाज बसका आहे. हो, दिसतात त्यापेक्षा हलके आहेत. त्यानं काय होतं ते तुम्ही सांगणार नाही, कारण कारण विचारायचं नसतं.

मीही आता काही विचारत नाही. २५ तारखेच्या रविवारी भट्टी पेटवणार आणि पहिला व्हॉल्व्ह घालणार. सात वर्षं मुलांना सांगतेय की घाबरू नका, करून बघा. हजरत दाऊदना राग आला तर येऊ दे, मी त्यांच्याशी बोलून घेईन.

शिक्का नको. ठेवा तुमच्याकडेच.

ओयदिन

*

तार
चुस्त, २२ डिसेंबर १९९४

जाड दांड्याचे व्हॉल्व्ह आतून पोकळ. तुझा बाप त्यानंच गेला. आगीत घालू नकोस. पाण्याजवळ नेऊ नकोस. पाया पडतो. सोलिह

*

चुस्त, २२ डिसेंबर १९९४

पोरी,

घाटात हिमकडा कोसळला होता. कोमिल सहा दिवस वर अडकून पडला आणि आज दुपारी आला. तुझं पत्र वाचलं आणि तारघराकडे पळालो. या गुडघ्यांनी पळालो. तार गेली म्हणतात, पण पोहोचली का ते कोण सांगणार? आता सांगायला बसलोय. हे पत्र रेल्वेच्या पोस्टानंच जाणार, म्हणजे रविवारच्या आत तुला मिळणारच नाही हे मला कळतं. तरी लिहितो, कारण आज लिहिलं नाही तर पुन्हा कधी लिहिणार नाही.

शाप नव्हता. मी होतो.

आमच्याकडे शिकणाऱ्याला स्वतःचा शिक्का द्यायचा असेल तर घरातला थोरला त्याच्यासाठी पोलाद निवडतो आणि हातात ठेवतो. घेणाऱ्यानं ते वाजवायचं नाही, तोलायचं नाही, कशाचं आहे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. त्यातून जी सुरी होईल तिच्यावर दुवा. बाबा तेव्हा अंथरुणावर होते, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आलं.

सैफिद्दीनचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "धाकट्याच्या पात्यात जीव असतो." माझ्या पात्याबद्दल काही म्हणायचे नाहीत. मी बेचाळीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप, आणि लहान पोरासारखा आतून जळत होतो.

चहाखान्यात एका परगावच्या लोहारानं सांगितलं होतं, जाड दांड्याचे व्हॉल्व्ह घेऊ नका, वाजत नाहीत, हातोड्याखाली फुटतात. मला एवढंच माहीत होतं. ओयदिन, ईमानानं सांगतो, एवढंच. म्हटलं, फुटू दे. सगळ्यांसमोर फुटू दे. अजून दोन वर्षं माझ्या हाताखाली राहील. मी ढिगातून जाड दांड्याचा शोधला आणि त्याच्या हातात ठेवला.

त्याला हलका लागला. त्याचा हात किंचित वर गेला, वजन कमी असलं की जातो तसा. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

दोन वेळा तापवून झालं, तिसऱ्यांदा हातोडा मारला आणि दांडा उकलला. आतून पिवळी धमक आग आली, तशी पिवळी आग मी नंतर कधी पाहिली नाही. त्यानं तेच केलं जे लोहाराचा हात आपोआप करतो, पकडीसकट पाण्याच्या पिंपात खुपसला. आणि पाणी पेटलं. खोटं वाटेल, पण पाणी पेटलं, पिंप फुटलं, पांढऱ्या धुरानं दुकान भरलं. तो तीन दिवस जगला. डोळे गेले होते.

आळी म्हणाली, शाप. पाणी पेटतं का कधी? मी मान हलवली. त्या दिवसापासून हलवतोच आहे. तुला कारण सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं, म्हणून पिरांच्या आड लपलो आणि तुला त्याच आगीपाशी नेऊन उभं केलं.

रविवारी तू काय केलंस ते मला कळेल तेव्हा कळेल. मी नमाजाला बसतो आणि मधेच उठतो.

सोलिह

*

अंग्रेन, २६ डिसेंबर १९९४

माझ्या लाडक्या अमाकी,

मी जिवंत आहे. दोन्ही डोळे, दहा बोटं, सगळं जागेवर. आता बसा आणि चहा ओता.

तारघरातली बाई आमच्याच इमारतीत राहते. रविवारी सुट्टी असून तिनं तार घरी आणून दिली, आईच्या हातात. मी गॅरेजात होते. व्हॉल्व्ह आगीत घालून पाव तास झाला होता, नारिंगी झाला होता, मी नुकताच पकडीत धरून बाहेर काढला होता आणि हातोडा उचलला होता.

तेवढ्यात आई. घरातल्या सपाता, डोक्याला काही नाही, घोट्यापर्यंत बर्फ. तिनं दारातूनच किंचाळून तुमची तार वाचली. तुमचं नावसुद्धा वाचलं. मी विचारलं, "आई, बाबांच्या वेळी काय झालं होतं? पटकन सांग." माझ्या हातात तो निखारा, आणि ती, जिनं तेवीस वर्षं तोंड उघडलं नाही ती म्हणाली, "पाणी पेटलं होतं गं. पिवळं पेटलं होतं."

अमाकी, पिवळी आग आणि पेटणारं पाणी. हे मी दरवर्षी सातवीला फळ्यावर लिहून देते. सोडियम! इंजिन थंड राहावं म्हणून पोकळ दांड्यात भरतात. माझ्या पकडीत तेच होतं, लालबुंद, आणि रिनात ओरडत होता, "बाहेर फेका! बर्फात फेका!" तो माझा हात धरून दाराकडे ओढायला लागला. बर्फात! मी त्याला आयुष्यात कुणाला दिली नसेल अशी शिवी दिली. कोपऱ्यात कोरड्या वाळूची बादली होती. व्हॉल्व्ह तिच्यात खुपसला, वरून आणखी वाळू ओतली, दार ओढलं, आईला उचललं म्हणा ना, आणि आम्ही तिघं कोळशाच्या कोठाराच्या भिंतीआड जाऊन बसलो.

थोड्या वेळानं आतून फुस्स आवाज आला. दाराच्या फटीतून पिवळा उजेड दिसला, मग पांढरा धूर. बादलीचं एक अंग वितळलंय, बाकी काही नाही. उरलेले सात मी रॉकेलच्या डब्यात घालून शाळेच्या प्रयोगशाळेत कुलुपात ठेवलेत.

आई माझा हात सोडत नव्हती. संध्याकाळी स्वतः म्हणाली, "सोलिहला लिही. त्यानं तुला वाचवलं." हे शब्द तिचे आहेत, मी बनवलेले नाहीत. आणि ती तुम्हाला सलाम सांगतेय. भांडी शाबूत आहेत.

मी तुम्हाला फार वाईट लिहिलं होतं. माफ करा. तुम्ही रागानं नाही तर भीतीनं विचारत होता हे मला कळायला हवं होतं. व्हॉल्व्ह पोकळ असतो हे तुम्ही बाबा गेल्यावर शोधून काढलं असणार, एकट्यानं. एकच कळत नाही, मग आळीला शाप का म्हणू दिलंत? पण ते कधीतरी भेटल्यावर.

तुम्ही माझा जीव वाचवलात.

तुमचीच,
ओयदिन

*

चुस्त, ६ जानेवारी १९९५

पोरी,

तुझं आभाराचं पत्र कोमिलनं आज सकाळी दिलं. अल्लाची कृपा. मी दारातच बसलो, सुनेला वाटलं मला काही झालं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मी २२ तारखेला तुला एक मोठं पत्र पोस्टात टाकलं होतं. ते तुला मिळालं असतं तर तू हे पत्र लिहिलं नसतंस. पोस्टात गेलो. पोस्टमास्तरीण म्हणाली, बर्फामुळं रेल्वेच्या थैल्या अडकून पडल्यात, तुमचं पाकीट अजून इथंच आहे. तिनं ते काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "परत न्यायचंय का, आता?"

माझ्या खिशात तुझं पत्र होतं. त्यात तुझ्या आईचा सलाम होता. तू वाचली होतीस, आता ते पाकीट पोहोचलं काय आणि न पोहोचलं काय, कुणाचा जीव जाणार नव्हता. मी ते हातात धरून उभा होतो. मागची माणसं कुरकुरायला लागली, "आजोबा, आटपा."

मी म्हटलं, जाऊ दे. तिनं थैलीत टाकलं.

ते पोहोचल्यावर तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. माझ्याकडून हे शेवटचं समज. भट्टी बंद करू नकोस.

सोलिह

*

अंग्रेन, १९ फेब्रुवारी १९९५

सोलिह अमाकी,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, महिन्याभरापूर्वी. मी आधी छोटं उघडलं. मग मोठं.

चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यातही. तिसऱ्यात मी तुमच्या बाजूनं बोलत होते, तुम्हाला माहीत नव्हतं, सोडियमचं कुणालाच माहीत नव्हतं, वगैरे, आणि ते लिहिताना मला स्वतःची किळस आली. चौथं आठवत नाही.

आईला वाचून दाखवलं. लपवलं असतं तर मीही तुमच्यासारखीच झाले असते. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, तो वर बघतो तो भाग पुन्हा वाच. मी वाचला. ती म्हणाली, "त्या दिवशी भट्टीशी बसायच्या आधी तो पोलाद दाखवायला घरी आला होता. हातात उडवून बघत होता. म्हणाला, 'सबोहत, हलकं लागतंय गं.' मी म्हटलं, मग विचार ना. तर म्हणाला, 'आकानं निवडलंय. थोरल्या भावानं दिलेलं मी तोलून बघू? चांगलंच असणार.'" एवढं सांगून ती उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच पुन्हा घासत होती. आपटली नाहीत. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

माफी माझ्याकडे मागू नका. ती आईची आहे, आणि ती देईल असं मला वाटत नाही. सलामाचं ती आता काही बोलत नाही. मला तुमचा राग येतो. रोज येतो, वर्गात शिकवताना मधेच येतो. आणि तुम्ही ते पाकीट परत घेतलं नाहीत हेही रोज आठवतं. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते मला येत नाही.

पण एक मागते. आमच्या बाबांना आळी अजून शापित म्हणते. ते तुम्ही त्यांच्यावरून उतरवा. मला लिहून नाही, तिथं, त्यांच्यासमोर.

आणि मग मला पोलाद निवडून पाठवा. हो, तुम्हीच. माझ्या घरात निवडणारं दुसरं थोरलं कुणी नाही. पण मी ते वाजवून बघणार, तोलणार, करवतीनं कापून आत बघणार. कशाचं आहे, कुठून आणलं, तुम्हीच दिलंत ना, सगळं विचारणार. ज्याला त्यात अपमान वाटेल त्याला वाटू दे. बाबांनी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून मी विचारणार.

ओयदिन

*

चुस्त, ८ मार्च १९९५

ओयदिन,

ईदच्या सकाळी आळीतले सगळे सुरीवाले रिवाजाप्रमाणं माझ्याकडे आले. मीच वयानं मोठा. जेवणाचा दस्तरखान अंथरला होता, हलवा होता, गेलेल्यांसाठी हात वर करायची वेळ आली. मी हात वर केले नाहीत. म्हटलं, आधी ऐका.

सगळं सांगितलं. चहाखान्यातला लोहार, ढीग, जाड दांडा, त्यानं वर पाहिलं तेही. संपल्यावर म्हातारा तोश्पोलात, जो त्या दिवशी पिंपाच्या पलीकडे होता आणि ज्याच्या गालावर अजून डाग आहे, त्यानं चहाची पियाली खाली ठेवली आणि निघून गेला. मग एकेक करून बाकीचे गेले. ईदला दुवा न करता घरून माणसं गेली, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. माझ्या मुलानं पाच दिवस माझ्याशी अवाक्षर काढलेलं नाही. दुकानासमोरून जाताना लोक दुसरीकडे बघतात. बघू देत, ते मी त्यांना शिकवलंय.

पण काल तोश्पोलातचा मुलगा कबरस्तानातून आला आणि सांगून गेला की आळीतली आठ-दहा माणसं सैफिद्दीनच्या कबरीशी होती, गवत काढत होती. त्यात तोश्पोलातही होता. एवढं तुझ्या आईला सांग. माझं नाव काढू नकोस, फक्त गवताचं सांग.

घाट उघडलाय. कोमिलच्या हाती कापडात बांधून एक तुकडा पाठवतोय. मालगाडीच्या डब्याच्या स्प्रिंगचा आहे. स्टेशनामागच्या भंगारातून मी स्वतः आणला, ३ फेब्रुवारीला, तुझं पत्र येण्याआधीच, का आणला ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. भरीव आहे. तीन ठिकाणी कापून पाहिला, जोड नाही, तडा नाही. आपटल्यावर खणखणतो. काट्यावर घालून वजन केलं, दिसतो तेवढाच जड आहे. काल माझ्या भट्टीत एक टोक लाल करून ठोकलं, मी एकटाच होतो, तोंड जवळ नेऊन ठोकलं. काही झालं नाही. माझ्या हातानं निवडला आहे.

तरी विचार.

सोलिह